भोंगेमामांनी मागितलेलं मत

भोंगेमामांना हळू बोलता येत नसे. वाळूजच्या कंपनीत यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून गळा तसा घडलेला. कुणाच्या सांत्वनाला गेले, तरी त्यांची कुजबुज गल्लीच्या टोकाला ऐकू जाई.

निवृत्तीनंतर ते निवडणुकीत प्रचाराच्या रिक्षात भोंगा घेऊन बसू लागले. उमेदवार कोणीही असो, शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं असे: "मत कुणालाबी द्या, पण घरात बसू नका." कार्यकर्ते चिडत. मामा म्हणत, "आपला माल वरडून इकावा. दुसऱ्याच्या मालावर थुंकू नये."

एकदा माझ्या आईचे गुडघे सुजले होते, तर मामा तिला स्वतःच्या स्कूटरवर मतदानाला घेऊन गेले. आई त्यांना भाऊ मानी. "भाऊ म्हणले म्हंजी खरं," हे तिचं ठरलेलं.

विधानसभेच्या वेळी रिक्षा आमच्या वस्तीत शिरली आणि तोच आवाज सांगू लागला, "पलीकडचा निवडून आला तर ही वस्ती पडणार. नकाशा तयार आहे." मी कामावरून आले तेव्हा आई भांडी गोणीत भरत होती. छपराचे पत्रे कोण काढून देईल, असं विचारत होती.

मी तशीच मामांकडे गेले. "मामा, कुठं आहे नकाशा?"

"नकाशा काय नाय," ते म्हणाले. "साधं सांगितलं तर आता कुणी खिडकीसुद्धा उघडत नाय, पोरी. भ्यालं की माणूस रांगेत उभं राहतं. मतदान झालं तर लोकशाही टिकंल. तेवढ्यासाठी थोडं खोटं चालतंय."

"आई सामान बांधतीये."

मामा म्हणाले, "मतदानाला येईल ना?"

आई मतदानाला गेली. तेव्हा रांग पार रस्त्यावर आली होती. तरी मामांचा उमेदवार पडला, पलीकडचा निवडून आला आणि वस्ती होती तिथंच राहिली. आईनं भांडी एकेक करून परत फळीवर लावली. मामांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मी मात्र बोलले, नकाशा खोटा होता हे वस्तीभर सांगितलं. परक्यानं फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं.

यंदा महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी मामा दारात आले. या खेपेला ते कुणाच्याच प्रचारात नव्हते. "अक्का, चला. मत वाया घालवू नका."

आईनं त्यांना खुर्ची दिली, चहा केला. "भाऊ, खरं कोणतं न् खोटं कोणतं, मला आता कळत नाय. मी घरीच बरी."

मामा लई वेळ समजावत राहिले. मतदान म्हणजे गरिबाची ताकद, असं काय काय सांगत राहिले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आई खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

संध्याकाळी केंद्र बंद झालं. तिच्या बोटावर शाई नव्हती.