वाचणाऱ्याचं ताट

वसुधामावशींची मुलगी रेवा माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलायची. महिन्यापूर्वी तिचा फोन आला आणि ती चक्क मराठीत म्हणाली, “दादा, आई गेली.” मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो...

मावशी रक्ताच्या नात्यातल्या नव्हत्या. नागपूरहून अमेरिकेत शिकायला आलेल्या माझ्यासारख्यांना कॅरी गावातल्या त्यांच्या घरी रविवारी वरणभात मिळायचा, म्हणून त्या मावशी. युरोपातल्या मध्ययुगीन मठांची वास्तुकला त्या विद्यापीठात शिकवायच्या. नुसता दगड, ना रंग ना मूर्ती. त्यांचं घरही तसंच, भिंतीवर साधं कॅलेंडर नाही. त्या मठांतली एक रीत मात्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर आणली होती. बाकीच्यांनी गुपचूप जेवायचं, एकाने मोठ्याने वाचायचं आणि वाचणाऱ्याने सगळ्यांत शेवटी जेवायचं. माझी पाळी आली की पोटात कावळे ओरडत असायचे, मग मी मधली पानं गाळायचो. त्यांना ते कळायचं. हसून म्हणायच्या, “पुरे, आता जेव.”

एकदा त्यांनी मला जवळचा एक जुना कापसाचा मळा दाखवला. तिथे गुलामांची एक खोली अजून उभी आहे. उघड्या भिंती, मातीची जमीन. शहाणपणा दाखवायला मी म्हणालो, “मावशी, परफेक्ट! अगदी तुमच्या मठासारखं. किती साधं, किती शांत!”

त्यांनी एका उघड्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, “मठातल्यांनी भिंती आपल्या मर्जीने उघड्या ठेवल्या रे. आणि तिथेही पुस्तकांसाठी कोनाडा होता. इथे यांना वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. तसा कायदाच होता या राज्यात.”

परतताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या लाजेपायी मी रविवारी जाणंच सोडलं. त्या फोन करायच्या, “ये ना, वाचायची पाळी तुझी आहे.” मी म्हणायचो, “डेडलाइन आहे मावशी, नेक्स्ट वीक नक्की.” दोन वर्षं हेच चाललं. ‘चुकलो’ एवढा एक शब्द मला म्हणता आला नाही, याची आता चीड येते.

गेल्या रविवारी रेवाने जेवायला बोलावलं. टेबलावर एक पुस्तक होतं, चोरून वाचायला शिकलेल्या एका गुलामाच्या आठवणींचं. खूण पहिल्याच पानावर. “शी वॉज सेव्हिंग इट फॉर यू,” रेवा म्हणाली.

मी वाचायला लागलो. एकही पान गाळलं नाही. रेवाचं जेवण झालं, माझ्या ताटातलं वरण गार झालं, तरी मी वाचतच राहिलो... पुरे म्हणायला कुणी नव्हतं.