मास्तरांचा टाचण्या शोधणारा पाय

मास्तर म्हणजे शिंपीकामातले मास्तर. दुसऱ्या कुठल्या विषयात त्यांना कुणी मास्तर मानलं नव्हतं, पण म्हणून ते शिकवायचे थोडेच थांबणार? गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावला की आधी उपदेश, मग माप. स्वतःलाच मधुमेह निघाला तेव्हा तर त्यांना हक्काचा विषय मिळाला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि बजावलं, ‘‘अनवाणी राहू नका. झोपताना तळपाय बघत जा, नाहीतर एक दिवस पाय कापायची वेळ येईल.’’ मास्तरांनी गोळ्या घेतल्या. साखर ताळ्यावर आली. त्याबरोबर गोळ्या बंद! ‘‘बरं झाल्यावर औषध खायला मी काय खुळा आहे?’’ चहा मात्र बिनसाखरेचा. त्यात बिस्किटं बुडवल्यावर तो आपोआप गोड व्हायचा, त्याला मास्तर तरी काय करणार? पुढे पँट कमरेत सैल झाली, तेव्हा ती त्यांनी मोठ्या थाटात आत घेतली आणि येईल त्याला शिवण दाखवली. ‘‘याला संयम म्हणतात!’’

चपलेचं तर नावच नको. पायडलवर उघडाच पाय हवा, हा त्यांचा हट्ट. शिवाय त्या पायाकडे आणखी एक खातं होतं. दुकान बंद करताना मास्तर अनवाणी फेरी मारायचे. पायाला टोचली की टाचणी सापडली. शेजारी बसून काज-बटणं करणारी बायको म्हणायची, ‘‘अहो, एखादं लोहचुंबक आणा की.’’ पण फुकटचा पाय असताना चुंबक कशाला?

अलीकडे त्या फेरीत एकही टाचणी सापडत नव्हती. मास्तर खूश. ‘‘हात बसलाय आता. टाचणी खाली पडतच नाही.’’ डबीतल्या टाचण्या मात्र संपत होत्या. त्याचा जाब अर्थातच बायकोला विचारला जायचा.

एका दुपारी जमिनीवर पांढरे पडदे अंथरून मास्तर खुणा करत होते. बायको एकदम ओरडली. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल डाग.

‘‘बोट टोचून घेतलंस ना? कापड वाया घालवलंस!’’

तिने दोन्ही हात पुढे केले. बोटं स्वच्छ. मग तिची नजर डागांमागून सरकत मास्तरांच्या पायापर्यंत गेली.

‘‘अहो, पाय वर करा.’’

तळव्यात टाचणी पार डोक्यापर्यंत रुतली होती. भोवतीचं मांस काळंनिळं पडलं होतं. ती आजची नव्हती, हे तिला बघताक्षणी कळलं. मास्तरांनी टाचणी उपसली आणि दुखण्याची वाट बघत बसले. जन्मात कधी दुखण्याची इतकी आशा धरली नव्हती त्यांनी.

‘‘उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.’’

‘‘एवढं काय त्यात? दुसरा पाय ठणठणीत आहे माझा. हवं तर टोचून बघ.’’ त्यांनी दुसरा पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आवाज मात्र अजून मास्तरांचाच होता. ‘‘टोच ना! घाबरतेस कशाला?’’

बायको डबीतली टाचणी घेऊन पायावर वाकली.

‘‘अगं, टोच की!’’

‘‘टोचली हो,’’ ती म्हणाली. ‘‘दोनदा टोचली.’’