वाऱ्याकडे कललेली मडकी

माझी आत्या चारुलता हिने तिशीपर्यंत कधी मातीला हात लावला नव्हता. माहेर देवासचं, नोकरदारांचं. माधवराव आतोबांची बँकेतली बदली कुक्षीला झाली आणि तीही तिकडे गेली. एकदा पाण्याचा माठ फुटला. नवा आणायला म्हणून ती जीपने डहीच्या पलीकडे, नर्मदेकाठच्या एका गावी गेली आणि तिथे तिला कमल भेटली.

कमल कुंभाराघरची सून. चाक नवऱ्याचं, बायकांनी त्याला शिवायचं नाही, अशी त्यांच्यातली रीत. म्हणून ती मातीच्या वळ्या एकावर एक रचायची, आतून दगड धरून बाहेरून थापीने ठोकायची आणि हातानेच मडकं उभं करायची. आत्या बघतच राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. मग जातच राहिली.

"भाभी, साड़ी खराब होगी," कमल म्हणायची.

"होऊ दे गं. धुने से निकल जाएगी," म्हणत आत्या मांडी घालून बसायची.

आत्याचं पहिलं मडकं भर उन्हाळ्यातलं. काठावर सुकत ठेवलेलं. नदीवरून गरम वारा सुटला होता. कमल आपली मडकी सारखी फिरवत होती, आत्या मात्र बोलण्याच्या नादात विसरली. संध्याकाळी पाहिलं तर वाऱ्याची बाजू आधी सुकून आक्रसलेली आणि मडकं तिकडे चक्क कललेलं. आत्या ते मोडून पुन्हा माती करायला निघाली, तर कमलने हात धरला.

"रहने दो भाभी. हवा ने भी तो मेहनत की है."

गोवऱ्यांच्या आव्यात, कुंभाराच्या उघड्या भट्टीत, ते भाजलं. धुराने एका अंगाला काळंभोर झालं. आत्याला ते इतकं आवडलं की पुढे तिने सरळ मडकं केलंच नाही. ओली मडकी काठावर मांडायची आणि वाऱ्याची वाट बघत बसायचं. आतोबा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात एक भांडं सरळ उभं राहील तर शपथ!"

असे कितीतरी उन्हाळे गेले. मग धरणाचं पाणी चढलं. गाव उठून वर माळावरच्या वसाहतीत गेलं. तिथली काळी माती सुकली की तडकायची. कमलचा नवरा मुलांबरोबर गुजरातेत कामाला गेला, आणि कमलची थापी थांबली.

आतोबा रिटायर झाले, दोघं देवासला परतली. दोन वर्षांत आतोबाही गेले. आत्या आमच्या बोळातल्या ओट्यावर मडकी करू लागली, पण त्या बोळात वारा कुठला! मडकी ताठ सुकायची. "मेली कारखान्यातून आल्यासारखी दिसतात," म्हणून ती पुन्हा भिजवायची. एकदा तिने टेबलफॅन लावून पाहिला; सगळ्यांना भेगा पडल्या. त्या दिवशी ती हसली नाही. हात तसेच मातीचे ठेवून बसली. म्हणाली, "काठावरचा तो वास अजून येतो गं मला. ओल्या वाळूचा, गोवऱ्यांचा. आणि काठच नाही."

गेल्या फाल्गुनात मी तिला गाडीतून जामगोदकडे नेत होते. टेकडीवर पवनचक्क्या फिरत होत्या. ती एकदम म्हणाली, "थांबव. ही पाती फिरताहेत म्हणजे इथे वारा आहेच की!" तिथूनच तिने कमलला फोन लावला.

"कमल, मिट्टी है, हवा है. आती क्या?"

पलीकडून आवाज आला, "आवा कौन जमाएगा? आपका तो हर बार कच्चा रह जाता है."

होळी झाल्यावर कमल कुक्षीच्या बसने आली. दोघींनी मडकी घडवून ओलीच टेकडीवर मांडली. कमलने पदर तोंडावर ओढून घेतला.

"यह नदी की हवा नहीं है, भाभी. सूखी है."

"नाहीच. पर हवा तो है."

मडकी कलली, नर्मदेकाठी कलायची तेवढी नाहीत, थोडीच. टेकडीखालच्या एका ओळखीच्या शेतात कमलने आवा रचला. निम्मी मडकी आतच फुटल्याचे आवाज आले. उरलेली तांबडी-काळी होऊन निघायला अजून वेळ होता, म्हणून दोघी बांधावर बसल्या होत्या आणि मी चहा घेऊन गेले. बोलता बोलता त्या त्यांच्या बुडालेल्या गावातून फिरत होत्या.

"नीम के आगे किसका घर था, भाभी?"

"गणोजीचं. गाय सींग मारती थी, वो."

"वो गणोजी का नहीं, उसके भाई का. गणोजी का तो घाट के पास."

"अगं, मी त्याच्या ओट्यावर ताक प्यायलेय!"

"तो ताक उसके भाई ने पिलाया होगा."

चहा निवत होता. दोघींपैकी कोणीही ऐकायला तयार नव्हती.