विमलताईंच्या टिनावरची फांदी

श्री. देवसिंग जाधव, राहणार केळापूर. व्यवसाय : इमारतीलगतच्या अवजड फांद्यांचे नियंत्रित अवतरण. कार्यक्षेत्र : पांढरकवडा व परिसर. कर्मचारीवर्ग : जागेवर उपलब्ध होईल तो. वृक्षारोहण व तदनुषंगिक सर्व हालचालींत पारंगत.

कर्मचारी निवडायची देवसिंगची रीत साधी होती. झाड कापायचं म्हटलं की माणसं सल्ला सोबत घेऊनच जमतात. त्यांतला सगळ्यात जास्त बोलणारा हेरायचा आणि दोर त्याच्या हाती द्यायचा. दोर हाती आला की माणूस सहसा बोलत नाही.

विमलताईंच्या घरी हा मान त्यांच्याच यजमानांना, बबनरावांना मिळाला. कडुनिंबाची एक जाडजूड फांदी स्वयंपाकघराच्या छतावर झुकली होती आणि छताचं टिन कोरं होतं. बबनराव कित्येक पावसाळे ‘पाहू’ म्हणत राहिले, तेव्हा विमलताईंनी भावाला सांगून ते टाकून घेतलं होतं. त्याला पोचा जरी आला, तरी विषय पुन्हा माहेरापासून सुरू होणार, हे बबनरावांना पक्कं ठाऊक होतं.

देवसिंगनं फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली आणला, बुंध्याला दोन-तीन वेढे दिले आणि टोक बबनरावांच्या हाती ठेवलं. वजन वेढे पेलतात, तुम्ही फक्त हळूहळू ढील द्या, असं बजावून तो अंगणाच्या बाजूनं शिडी लावून वर गेला.

फांदी कापली गेली, दोराला लोंबली आणि तिथंच थांबली. ती वेढ्यांमुळे थांबली होती, आणि थांबायलाच हवी होती. बबनरावांना वाटलं, दोर अडकला. तेवढीच मदत म्हणून त्यांनी वेढे काढले.

फांदी खाली निघाली, बबनराव वर. वाटेत दोघं एकमेकांच्या शेजारून गेले. शेजारचा फुलचंद धावत येऊन बबनरावांच्या पायांना लोंबकळला, तेव्हा कुठं फांदी टिनाच्या वीतभर वर थबकली.

“सोडू काय दोर?” बबनरावांनी अधांतरी विचारलं.

“सोडून तं पाहा,” विमलताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

वरून देवसिंगचा आवाज आला. “ताई, दोराचं टोक घ्या अन् बुंध्याले वेढे मारा. भाऊ, तुमी काहीच करू नका. तेवढं तं जमते ना?”

विमलताईंनी पदर खोचला, वेढे मारले आणि दोर ताणून धरला. मग बबनरावांना फुलचंदच्या खांद्यावरून जमिनीवर येण्याची परवानगी मिळाली. फुलचंदनं डहाळ्या धरून फांदी अंगणाकडे ओढली आणि विमलताईंनी ती निजलेलं लेकरू ठेवावं तशी खाली ठेवली.

टिनाला ओरखडाही नव्हता. बबनरावांना वाचा परत आली. ते जमलेल्यांना म्हणाले, “मी तं आधीपासून म्हणून राह्यलो होतो, सावकाश होऊ द्या म्हणून.”

फांदी टेकली ती नेमकी देवसिंगच्या शिडीवर. शिडीचे दोन तुकडे झाले होते.

देवसिंगला शिडीशिवाय झाडावरून उतरता येत नाही.