जाड काचेपलीकडे अण्णा

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला, तोवर सगळे इलाज करून झाले होते. कळ उठली की काचीगुड्याच्या घरात ते भिंतीवर डोकं आपटत. आयुष्यात कुणावर हात न उगारलेला माणूस. पण एकदा वहिनी गोळी द्यायला गेल्या, तर हातातला तांब्या हिसकून त्यांच्याच खांद्यावर मारला.

डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. शिरेतून दिलं की ते गाठींना शोधून चिकटतं आणि तिथल्या तिथे किरणांचा मारा करतं. "मात्र फार थोड्यांना दिलंय," त्यांनी हिंदीत स्पष्ट केलं. "शरीराला किती डोस सोसतो, हेच आधी बघायचंय. गुण येईलच असं म्हणणार नाही."

"द्या," अण्णा म्हणाले. "कुत्र्यासारखं केकाटण्यापेक्षा बरं."

त्यांच्या मुलाला, माझ्या पुतण्याला, ते मुळीच पटलं नाही. "नक्को म्हणजे नक्को! उंदीर आहेत का बाबा?" मी अण्णांची बाजू घेतली. त्याने ते मनात धरलं.

औषध दिल्यावर अण्णांना एकट्याला खोलीत ठेवलं. त्यांच्या अंगातून किरणं बाहेर पडत होती, म्हणून जवळ थांबायची मनाई. जाड काचेतून बघायचं आणि भिंतीवरच्या फोनवर बोलायचं. आधी दुखणं भडकू शकतं, हे बाईंनी सांगितलं होतं. पण ते इतकं भडकेल असं वाटलं नव्हतं. अण्णांनी सलाईन उपटून काढलं. हातातून रक्त गळत असताना त्यांनी सलाईनचा स्टँड उचलला आणि काचेवर हाणला. पुन्हा हाणला. फोनवर मला आईवरून शिव्या देत होते. आमची आई एकच, हेही त्यांना भान नव्हतं.

"दार उघडा!" पुतण्या ओरडला. मी आडवा आलो. त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठात घुसला. खाली पडलो तर पोटात लाथ घातली. "तुम्ही मारताय त्यांना, काका! तुम्ही!" दोन गार्डांनी त्याला फरशीवर दाबून धरलं, तेव्हा तो हंबरडा फोडून रडला. तेवढ्यात किरणं अडवणाऱ्या शिशाच्या आडोशामागून एक नर्स आत शिरली आणि तिने अण्णांना इंजेक्शन देऊन निवांत केलं.

आठवड्याभरात कळा ओसरल्या. अण्णा आबिड्सच्या बाजारात चालत हिंडले, माझ्या सुजलेल्या ओठावर हसले, आणि एका दुपारी वहिनींसमोर हात जोडून उभे राहिले. वहिनी म्हणाल्या, "हात खाली घ्या. मला बघवत नाही."

दुसऱ्या डोसनंतर त्यांच्या रक्तातल्या पेशी इतक्या घटल्या की बाईंनी चाचणीतून काढलं. कॅन्सर परतला तो चवताळून. शेवटी शेवटी मॉर्फिननेही भागेना. त्यांना धरायला मी आणि पुतण्या दोघे लागायचो, आणि ते आम्हा दोघांनाही चावायचे.

ते गेल्यावर पुतण्या म्हणाला, "ते मधले दिवस मिळाले, ते खरं. पण ती खोली मी तुम्हाला माफ करणार नाही."

मी मान डोलावली. मग आम्ही दोघांनी मिळून अण्णांना आंघोळ घातली.