यादी फोनातच हवी : प्रज्ञाताईंच्या साठीनिमित्त

प्रज्ञाताई जाधव यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण मीच उकरून काढलं होतं. मी आमच्या आरोग्यसंस्थेत परिचारिका. परळ-लालबागच्या चाळींत घरोघरी जाऊन रुग्ण पाहते. कागदी फॉर्म जाऊन फोनवरचे आले, तेव्हा ते बनवणाऱ्या इंजिनीअरबाई कोण ते बघायला मी तणतणत कार्यालयात शिरले. "तुमचं हे चाळीत चालत नाही," म्हटलं. ताईंनी पायात चपला सरकवल्या. "चला, दाखवा मला."

मी त्यांना भोईवाड्यात एका मुलीकडे नेलं. तिला इथे सुमन म्हणते. तिला क्षयाचं औषध सुरू होतं आणि घरात लग्नाची बोलणी चालली होती. फॉर्ममध्ये औषधाची पहिली अक्षरं लिहिली की नावं दूरच्या सर्व्हरवरून यायची. आतल्या खोलीत नेटवर्क नाही, त्यामुळे पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं. मग आमच्यातली जी कोणी असेल ती गॅलरीत जायची आणि तिथूनच ओरडून विचारायची, पाकिटावर काय लिहिलंय गं?

सुमनने आम्हाला दारातच अडवलं. "बाहेर जाऊ नका, बाई. मागच्या खेपेच्या बाई गेल्या, तर शेजारच्या काकींनी नळावर सगळ्यांसमोर विचारलं, 'काय गो, टीबी झालो काय तुका?' परत असं केलंत तर दारच नाय उघडणार मी."

जिना उतरताना ताई संतापून म्हणाल्या, "औषधांची नावं काय तासातासाला बदलतात? ती सर्व्हरवर कशाला?"

साहेबलोकांनी अर्थातच मोडता घातला. आता सगळीकडे नेटवर्क आहे, म्हणे. शिवाय फोनात जुनी यादी राहिली आणि बंद झालेलं औषध नोंदलं गेलं तर? हा दुसरा प्रश्न रास्त होता आणि ताईंनी तो उडवून लावला नाही. त्यांनी औषधांचा छोटा डेटाबेस फोनातच ठेवला. सकाळी कार्यालयात हजेरी लावली की यादीत झालेले तेवढे बदल फोन उतरवून घेई. ज्या फोनाने ते घेतले नसतील, त्यावर फॉर्मच्या माथ्यावर लाल पट्टी येई. आणि फोन हरवला तर काय, म्हणून त्यात रुग्णांची नावं त्यांनी ठेवू दिली नाहीत. मला खोलीत बसून, हलक्या आवाजात विचारून फॉर्म भरता येऊ लागला. सुमनने औषध पूर्ण घेतलं.

ताई रागीट आहेत असं कार्यालयात बोललं जातं. आहेतच! त्या स्वतः डिलाईल रोडच्या चाळीत वाढल्या. दिवसा दार लावून घेतलं तर मजल्यावर तीच बातमी होते, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. एका नव्या प्रोग्रामरने पडद्यावर 'नेटवर्क असलेल्या जागी जा' अशी सूचना टाकली, तेव्हा ताई कडाडल्या, "कुठली जागा? गॅलरी? लग्नाच्या मुलीला बघायला येणारे पाहुणे त्याच गॅलरीतून येतात!" आणि ह्याच ताई माझी आई आजारी असताना रोज संध्याकाळी भाकरी-भाजीचा डबा घेऊन वॉर्डात यायच्या. त्याबद्दल आभार मानले की चिडायच्या.

ताईंच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे दोन गोड शब्द मागितले आहेत. माफ करा, माझ्याकडे ते नाहीत. ताई निवृत्त झाल्या आणि संस्थेने फॉर्मची नवी आवृत्ती आणली. फोनातली यादी काढून टाकली. सगळं पुन्हा सर्व्हरवर. का, तर सांभाळायला सोपं! कोणाला सोपं? गॅलरीत उभं आम्हाला राहायचंय. ज्यांनी हा निर्णय घेतला, तेच ह्या गौरवग्रंथाच्या समितीत आहेत. ताईंच्या कामाचे गोडवे गायचे आणि तेच काम पुसायचं, ह्याला मी सत्कार म्हणत नाही.

सध्या डिलाईल रोडवर माझा एक तरुण रुग्ण आहे. नुकताच नोकरीला लागलाय. चक्र फिरायला लागलं आणि मी उठले, तसा तो म्हणाला, "मॅडम, बाहेर नको ना. आमच्या कंपनीचाच माणूस राहतो बाजूला." मी बाहेर गेले नाही, फॉर्म अर्धाच राहिला. कार्यालयातून फोन आला, अर्धा फॉर्म चालणार नाही. पुढच्या वेळी माझ्याऐवजी दुसरीला पाठवलं आणि ती गॅलरीत गेली. परवा मी पुन्हा गेले, कितीतरी वेळ कडी वाजवली. आत पंखा फिरत होता. दार उघडलं नाही.

प्रज्ञाताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचा रागही असाच शाबूत राहो, ही मनापासून इच्छा. सत्काराला मी येणार आहे आणि पुढच्या रांगेत बसणार आहे. शाल द्यायला जे उठतील, त्यांना मी सभेतच विचारीन, त्या मुलाचं दार आता कोण उघडून देणार?