सत्कार माझा, सूत्रसंचालनही माझंच

बी.एस्सी.च्या निकालात मी विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत तिसरी आले, तेव्हा त्याच कॉलेजात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकत होते. तालुक्याच्या आमच्या कॉलेजातून कित्येक वर्षांत कुणी यादीत आलं नव्हतं. प्राचार्यांनी बाहेरच्या फळ्यावर स्वतः माझं नाव लिहिलं, स्टाफरूममध्ये पेढे वाटले, आणि पुढच्या पंधरा दिवसांत माझ्या गळ्यात तीन कामं अडकवली. राष्ट्रीय सेवा योजनेची गटप्रमुख मी, वार्षिकांकाचं काम बघणारी मी, आणि कुठल्याही कार्यक्रमात माईकवर उभी राहणारीही मीच. मी काही बोलायच्या आत सांस्कृतिक विभागाचे सर म्हणायचे, “हुशार आहेस, करशील तू.” तेव्हा ते मला कौतुक वाटायचं. आता कुणी कुठल्या मुलीला तसं म्हणताना ऐकलं की माझं डोकं फिरतं. ही हुशार आहे तर हिला जरा अभ्यासाला मोकळं सोडावं, असं एकालाही सुचलं नव्हतं.

जानेवारीत सात दिवसांचं शिबिर झालं. नाल्यावर बांध घालून, हाताला फोड घेऊन परत आले, तर दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा. ती कशीबशी दिली आणि लगेच स्नेहसंमेलन. त्यातच गुणवंतांचा सत्कार होता. यादीत आम्ही सात जण: विद्यापीठातून आलेली मी आणि आपापल्या विषयात कॉलेजात पहिले आलेले सहा.

“सर, माझाच सत्कार आहे. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला माईक द्या ना,” मी म्हटलं.

सर हसले. “अगं, तुझं नाव आलं की दोन पावलं चालायची आणि मेडल घ्यायचं. त्यात काय?”

माझं नाव कोण पुकारणार, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आई बोरी अरबहून एसटीनं आली. घरी कापसाची वेचणी चालू होती, म्हणून बाबांना निघता आलं नाही. आईनं भावाच्या लग्नातलं जांभळं लुगडं नेसलं होतं आणि अकरा वाजताच ती चौथ्या रांगेत येऊन बसली होती. पत्रिकेवर वेळ अकराची होती. प्रमुख पाहुणे दीड वाजता आले. आर्णीला आधी एक उद्घाटन होतं म्हणे. तोवर मी माईकवर “अवघ्या काही क्षणांत” असं किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. स्वागतगीताच्या मुली पावडर पुसून पुन्हा लावत होत्या.

पाहुण्यांबरोबर त्यांची माणसंही आली, पंचवीसेक तरी. बसायला जागा नव्हती. मी मंचावरून पाहुण्यांचा परिचय वाचत होते. त्यांच्या कार्याचा उल्लेख करताना समोर बघितलं, तर आमच्याच कॉलेजचा एक शिपाई आईला उठवत होता. हातानं मागं दाखवत होता. आई उठली, पिशवी काखेत धरली आणि मंडपाच्या शेवटच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या खुर्चीवर गळ्यात रुमाल टाकलेला एक जण बसला आणि त्यानं पाय पसरले. मी “शिक्षणाविषयी अपार तळमळ असलेलं व्यक्तिमत्त्व” हे वाक्य वाचून पूर्ण केलं. तोंडातून शब्द येत होते आणि मानेपर्यंत राग चढला होता.

मग सत्कार सुरू झाले, पाहुण्यांचे. मंचावर चौदा माणसं होती. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि प्रत्येकाचा फोटो. एका गृहस्थाचा फोटो नीट आला नाही म्हणून शाल काढून पुन्हा घातली. त्यानंतर भाषणं. पाहुणे पाऊण तास बोलले आणि त्यात तीनदा म्हणाले की विद्यार्थी हेच देशाचं भविष्य आहे.

ते खाली बसताच सरांनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली. ‘गुणवंत विद्यार्थी : जागेवर उभे करून एकत्रित टाळ्या. नावे नकोत. पाहुण्यांना जायचे आहे. लगेच आभार.’

मी ती चिठ्ठी वाचली. समोर डाव्या बाजूला ते सहा जण इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. भूगोलात पहिली आलेली मुलगी लहान बाळ घेऊन आली होती, तिची सासूही सोबत होती. गणितातला मुलगा पहाटेच पुसदच्या पलीकडच्या तांड्यावरून निघाला होता, त्याचे वडील दाराशी उभे होते. ही माणसं काय टाळ्या ऐकायला आली होती?

मी चिठ्ठी मुठीत दाबली आणि माईकवर म्हटलं, “आता आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. मी नाव घेईन त्यांनी मंचावर यावं.”

मागून सरांचा आवाज आला, “अगं ए!” पण पहिलं नाव गेलं होतं. पाहुण्यांना उभं राहावंच लागलं. मी एकेक नाव घेतलं, विषय सांगितला, गाव सांगितलं, आईवडिलांची नावं सांगितली. गणितातला मुलगा आला तेव्हा दारातून त्याच्या बापानं इतकी मोठी शिट्टी मारली की सगळा मंडप हसला. सहा जण झाले.

सातवं नाव माझं होतं. मी थांबले. वाटलं, आता प्राचार्य उठतील, नाहीतर सर पुढं येतील आणि माईक घेतील. मी जागा करून बाजूलाही झाले. कुणी आलं नाही. प्राचार्य पाहुण्यांच्या कानाशी लागले होते. सर दातओठ खात म्हणाले, “आभार! आभार घे आता!” मी आभार मानणाऱ्या प्राध्यापकांना बोलावलं.

कार्यक्रम संपल्यावर आई मला सायकल स्टँडजवळ भेटली. दोन तास उभी राहून तिचे पाय सुजले होते.

“तुयं नाव काहून नाई घेतलं वो?”

“मीच तर बोलून राह्यली होती ना आई. माह्यं नाव मीच कशी घेऊ?”

“काहून? सहा जणाइचं घेतलं ना? चांगलं केलं. पण माह्या पोरीचं कोनं घ्याव?”

तेवढ्यात सर आले, तावातावानं. “काय चालवलंस तू? वीस मिनिटं उशीर झाला तुझ्यामुळे. पाहुणे जेवले नाहीत!”

अडीच तास उशिरा आलेल्या माणसाला वीस मिनिटं जड झाली. मी तोंड उघडलं, पण त्याआधी आईच बोलली. “सर, सहा पोट्टे मोजले मी. सातवं कोन होतं?”

“सातवं?” सरांनी हातातली यादी उलगडली. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते तेच. ज्या मुलीच्या मेरिटचे पेढे यांनी खाल्ले, ती राहून गेली हे यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. “अरेच्चा, तुझं राहिलं! मग बोलायचं ना. सोमवारी ऑफिसातून घेऊन जा.”

“सोमवारी नाई,” आई म्हणाली. “आता.”

सरांनी शिपायाला पाठवून मेडलची डबी मागवली आणि स्टँडवरच माझ्या हातात दिली. मी सूत्रसंचालनाची फाईल त्यांच्या हातात दिली. “सर, पुढच्या कार्यक्रमाला दुसरं कुणी बघा.”

“एवढ्याशा यशानं डोक्यात हवा गेली?”

“माहीत नाही सर. पण मी करणार नाही.”

बसस्टँडवर आईनं पावकिलो पेढे घेतले आणि बस सुटल्यावर तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरपुढं पुडा धरला. “घ्या जी. माही पोरगी इद्यापीठातून तिसरी आली.” मग माझं नाव आडनावासकट मोठ्यानं सांगितलं. मागच्या सीटवरच्या बायांनाही सांगितलं. मला इतकी लाज वाटली की मी खिडकीकडं तोंड केलं. मागची एक बाई म्हणाली, “कायले लाजतं वो? चांगलीच गोष्ट हाय ना.”

पुढच्या वेळी माईकवर बी.ए.ची एक मुलगी उभी राहिली. ती बऱ्याच ठिकाणी अडखळली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाच राग आला, कारण तिलाही कुणी तयारीला वेळ दिला नव्हता. कार्यक्रमानंतर मी तिला गाठलं आणि एवढंच सांगितलं, “तुझाच सत्कार असेल त्या दिवशी हे काम घेऊ नकोस.” तिनं मान डोलावली. सर म्हणाले होते, ती मला सांगू लागली, की हुशार आहेस, करशील तू.